हनुवटीची जागा

आधीच सांगून टाकते, शेवट चांगला आहे. माझ्या पार्लरमध्ये बायका गोष्ट ऐकता ऐकता मध्येच मान वळवून विचारतात, "पण झालं ना गं सगळं नीट?" आणि माझा दोरा चुकतो, भुवई बिघडते. म्हणून हल्ली मी सुरुवातीलाच सांगते. सगळं नीट झालं. आता मान सरळ ठेवा आणि ऐका.

गोष्ट माझ्या भावाची, महेंद्रची. मी प्रीती, त्याची मोठी बहीण. माहेर मोहन्याचं, लग्न करून डोंबिवलीला आले आणि इथेच पार्लर टाकलं. दिवसभर लोकांचे चेहरे बघायचे हे माझं काम. कोणाला झोप लागत नाही, कोणाचं सासूशी वाजलंय, सगळं मला चेहऱ्यावरून कळतं. घरातल्या एका चेहऱ्यावरचं मात्र इतकी वर्षं कळलं नव्हतं.

महेंद्र गायचा. मला तर तो ओरडतोय असंच वाटायचं, पण कॉलेजची पोरंपोरी उड्या मारमारून वन्स मोअर द्यायची, तेव्हा ते गाणंच असणार. मोहन्यात आम्ही कंपनीच्या भोंग्यावर वाढलो. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की डबा भरायचा. पुढे कंपनी बंद पडली, भोंगा गेला, आणि त्यानंतर ह्याने कॉलेजात रॉक बँड काढला आणि त्याला नाव दिलं 'भोंगा'. आमची आई, कांता तिचं नाव, कपाळाला हात लावून म्हणाली, "एक बंद झाला म्हणून हुश्श म्हणावं, तर दुसरा घरातच निघाला!"

बँडमध्ये डोंबिवलीचा सलिल होता, बास गिटार वाजवायचा. बाकीची पोरं येत-जात राहिली. गाणी सगळी मराठी आणि सगळी आमच्याच रडगाण्यांची. त्यांचं एक गाणं नळाचं होतं. "नळाला आली हवा!" असं हा टिपेला जाऊन ओरडायचा आणि समोरची सगळी पब्लिक "हवा! हवा!" करायची. आमच्याकडे खरंच पाणी यायचं नाही आणि हा त्याच्यावर टाळ्या घ्यायचा. आईला त्या गाण्याचा भयंकर राग होता.

प्रॅक्टिस आमच्या घराच्या मागच्या खोलीत चालायची. पुढची खोली आणि मागची खोली ह्यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे आवाज कुठे अडणार? शेजारच्या रखमाबाई दारात येऊन म्हणायच्या, "देवरामभाऊ, पोराला आवरा हो, माझ्या मांडणीवरची भांडी नाचतायत." बाबा काही बोलायचे नाहीत. त्या फळ्यांना खुर्ची लावून बसायचे, डोकं मागे फळीला टेकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. प्रॅक्टिस संपेपर्यंत तसेच. चाळीतले लोक म्हणायचे, बिचाऱ्याने पोरापुढे डोकं टेकलं. महेंद्रलाही तेच वाटायचं. फळ्यांच्या फटीतून त्याला बाबांचे पांढरे केस दिसायचे, आणि एखाद्या दिवशी ते बघून त्याचा मूडच जायचा.

बाबा, म्हणजे देवराम, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पत्र्याच्या प्रेसवर होते. वरून दणका पडायचा, खाली पत्रा वाकायचा, की परत दणका. जन्मभर तेच. तो कारखाना कधीच गेला, आता तिथे काचेची बिल्डिंग आहे. बाबांचा स्वभाव तिरसट. पाठीमागून हाक मारली तर वळायचे नाहीत. टीव्हीवर बातम्या लावायचे आणि आवाज पूर्ण बंद ठेवायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "ऐकायचं काय त्यात? तोंड बघितलं तरी कळतं खोटं बोलतायत." ह्या वाक्यावर चाळ अजून हसते. आई म्हणायची, "हाका मारून माझा घसा सुकतो, पण हा अकडू माणूस मान वळवेल तर शपथ."

आम्ही लहान होतो तेव्हा हेच बाबा बेंजो वाजवायचे. आमच्याकडे बेंजो म्हणजे तो सिनेमातला परदेशी गोल नाही हां. आमचा बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, वर तारा, आणि टायपरायटरला असतात तशी बटणं. बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवसांत बाबा गायन पार्टीबरोबर खडवली, टिटवाळा, कुठे कुठे जायचे. लोक त्यांना मास्तर म्हणायचे. वाजवायला बसले की आधी खाली वाकून पेटीच्या कोपऱ्यावर हनुवटी टेकायचे. डोळे मिटून एक एक तार छेडायची, खुंटी पिळायची, आणि मग ताठ बसून सुरू. आम्ही भावंडं घरी पोळपाटावर हनुवटी टेकून त्यांची नक्कल करायचो आणि आईच्या हातचा मार खायचो. एका वर्षी बाबांनी अचानक वाजवणं सोडलं. कंटाळा आला म्हणाले. बेंजो कोणाला तरी देऊन टाकला आणि परत नाव घेतलं नाही.

तर महेंद्र. ठाण्याला एका कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये नळाच्या गाण्यातच त्याचा आवाज फाटला. "हवा" म्हणायला गेला आणि खरंच नुसती हवा आली. पोरांना वाटलं स्टाइल आहे, त्यांनी शिट्ट्या मारल्या. डॉक्टरांनी तपासलं, स्वरयंत्रावर गाठ निघाली. रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरात कोणाला घास गिळवत नव्हता. गाठ साधी निघाली, ऑपरेशनही नीट झालं. आई डॉक्टरांच्या पाया पडायला निघालेली, त्यांनीच तिला अडवलं. पण डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली. ओरडायचं नाही, वरच्या पट्टीत गायचं नाही, कधीच नाही.

ऑपरेशननंतर त्याला पूर्ण मौन होतं. काही हवं असलं की नुसते ओठ हलवायचा. मी आणि आई त्याच्या तोंडाकडे बघून "काय? पाणी? पंखा? काय रे?" करत बसायचो आणि तो वैतागून भिंतीकडे तोंड करायचा. बाबा मात्र एकदा बघायचे आणि उठायचे. "चहा नको म्हणतोय. ताक दे, मीठ न घालता." दर वेळी बरोबर! आई डोळ्यांना पदर लावून मला म्हणाली, "बघ, वरून दगड आहे, पण काळीज बापाचंय." मलाही भरून आलेलं.

मौन सुटलं तेव्हा आवाज उरला तो पातळ. फाटका नाही, पण कानाशी येऊन गुपित सांगितल्यासारखा. अशा आवाजाच्या गायकाला रॉक बँड काय करणार? 'भोंगा' बंद झाला. सलिलने ठाण्यात स्वतःचा साउंड स्टुडिओ काढला आणि महेंद्र वागळे इस्टेटमध्ये स्पीकरची खोकी बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागला. तिथे लाकूड शिकला. कुठलं लाकूड बोलतं आणि कुठलं नुसतं बसून राहतं, हे तिथे कळलं असं तो म्हणतो. एकदा मोहन्यातल्या कोणीतरी मोडका बेंजो त्याच्याकडे आणून टाकला, तू वायरिंगचं करतोस ना, बघ म्हणून. ह्याने तो उघडला आणि हरखलाच. दुरुस्त केला, मग स्वतः एक बनवला, मग आणखी एक. जुन्या पाडलेल्या घरांचे सागवानी दरवाजे मिळवायचा आणि त्यांच्या पेट्या करायचा. शेवटी नोकरी सोडून त्याच मागच्या खोलीत, जिथे ओरडायचा तिथेच, त्याने कारखाना थाटला.

त्याचा पहिला बेंजो तयार झाला तेव्हा मी मुद्दाम मोहन्याला गेलेले. त्याने तो बाबांच्या समोर ठेवला आणि वाजवून दाखवला. किती गोड वाजत होता! बाबा बघत राहिले. महेंद्रच्या बोटांकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि पेपर घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. चांगला नाही, वाईट नाही, काहीच नाही. त्यानंतर प्रत्येक पेटीला हेच. पेटी तयार झाली की महेंद्र आधी बाबांसमोर ठेवायचा आणि बाबा तोंड शिवल्यासारखे उठून जायचे. मला इतका संताप यायचा! दोन शब्द बोलायला काय जातं माणसाचं?

महेंद्रची पेटी कसारा लाइनपर्यंत जायला लागली, लग्नाच्या बेंजो पार्ट्या त्याचं नाव घ्यायला लागल्या, पण पोरगा आतून खचत चालला होता. मला म्हणाला, "ताई, वाईट आहे म्हणू देत. भंगारात घाल म्हणू देत. पण काहीतरी म्हणू देत. अख्ख्या मोहन्यात बेंजो कळणारा एकच माणूस, तो माझ्याच घरात, आणि त्याला माझी पेटी बघवत नाही."

त्यात सलिलने त्याला स्टुडिओत नोकरी देऊ केली. सलिल भला माणूस आहे, मनापासून विचारलेलं. महेंद्रने मला फोनवर सांगितलं, "काळूरामभाऊंची एक ऑर्डर आहे, तेवढी शेवटची. त्याच्यावरही बाबा काही बोलले नाहीत तर मी समजून जाईन. शटर खाली, सोमवारपासून ठाणे."

"समजून काय जाशील, डोंबल?" मी ओरडले. खुर्चीतली बाई दचकली. "इतकं जीव तोडून उभं केलंस ते एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून बंद करणार?"

"तो म्हातारा मास्तर आहे ताई," तो म्हणाला. "पहिल्यांदा माझं गाणं त्याला आवडलं नाही. आता वाद्यही आवडत नसेल, तर मग माझ्यातच खोट आहे." मी फोन ठेवला.

पार्लरला कुलूप लावलं आणि गेले मोहन्याला. माझ्या डोक्यात एवढंच की बाबांना धरून हलवायचं आणि विचारायचं. पण घरी पोचले तर मागच्या खोलीत काळूरामभाऊ बसलेले. हे खडवलीकडचे आगरी, हळदीत वाजवणारी त्यांची बेंजो पार्टी आहे. तरुणपणी बाबांकडे शिकले. मांडीवर एक जुनाट बेंजो होता आणि महेंद्रला बोटाने दाखवत होते, "या कोपऱ्याला बग, असाच गोल घासून दे. हनवटीला जागा पायजे. तुजे बापसाचाच बेंजो हाय हा, मास्तरांनी मनाच दिलेला."

मी वाकून बघितलं. पेटी बाकी सगळी खडबडीत, पण तो एक कोपरा झिजून गुळगुळीत झालेला, मध्ये खोलगट. वाटीच जशी. मग सवयीने माझी नजर काळूरामभाऊंच्या हनुवटीवर गेली. खाली एक काळपट घट्टा, तिथे दाढीचा एक केस नाही. अगदी तशीच जागा बाबांच्या हनुवटीखाली आहे. मी लहानपणापासून बघत आलेले, कधीतरी पडले असतील, खूण राहिली असेल असं धरून चाललेले.

"भाऊ, ही हनुवटी टेकायची भानगड काय आहे?" मी विचारलं.

"नमस्कार गो," काळूरामभाऊ म्हणाले. "सुरू करन्याच्या आदी वाद्याला नमस्कार. मास्तरांची रीत. आमचे पट्ट्यातले सगले बेंजोवाले टेकतात."

बाबा? पेटीला नमस्कार? अहो, कारखान्यात दसऱ्याला सगळे मशीनला हार घालायचे तेव्हा हा माणूस हात मागे बांधून उभा राहायचा. "हळदकुंकू कसलं लावता, वंगण लावा," असं साहेबाच्या तोंडावर म्हणालेला. विहारात बुद्धांपुढे आणि बाबासाहेबांपुढे सोडून आमचे बाबा आयुष्यात कुठे वाकले नाहीत. तो माणूस लाकडाच्या खोक्याला रोज नमस्कार करेल? शक्यच नाही. मग हनुवटी टेकून काय करत होते?

काय करत होते ते माझ्या एकदम लक्षात आलं. ऐकत होते, लाकडाची थरथर हनुवटीच्या हाडातून. आवाज बंद केलेला टीव्ही. पाठीमागून मारलेल्या हाका. महेंद्रचे नुसते हलणारे ओठ. फळीला टेकलेलं डोकं. "मह्या," मी म्हटलं, "बाबांना ऐकू येत नाही रे."

"थोडं कमी येत असेल, वय झालंय," तो म्हणाला.

"थोडं नाही. आणि आत्ता नाही, केव्हापासून!"

त्याला पटेना. मग आम्ही पुढच्या खोलीत गेलो. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते, आमच्याकडे पाठ. मी म्हटलं, "बाबा, आई माहेरी निघाली, परत येणार नाही म्हणते." काही नाही. मी आवाज चढवला, "बाबा, घराला आग लागलीय!" स्वयंपाकघरातून आई पळीसकट धावत आली, पलीकडून रखमाबाईंनी "कुठे गं, कुठे?" केलं. बाबांनी पेपरचं पान उलटलं. मग महेंद्र त्यांच्या समोर गेला आणि तोंडातून आवाज न काढता नुसते ओठ हलवले, चहा घेणार का?

"अर्धाच," बाबा म्हणाले.

आई दाराला टेकली. मी तिला सगळं सांगितलं, तर म्हणते कशी, "मला वाटायचं, माझंच तेवढं ऐकू येत नाही. बायकोचं कुठल्या नवऱ्याला येतं?" आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. प्रेसच्या त्या दणक्यात कोणीच कोणाशी आवाजाने बोलायचं नाही, सगळे एकमेकांचे ओठ बघायचे. बाबा तिथे जे शिकले ते घरी घेऊन आले, आणि आम्ही त्याला अकडूपणा म्हणत राहिलो.

मी बाबांच्या समोर बसून स्पष्ट विचारलं, तर असे भडकले! "मला सगळं ऐकू येतं. तू तुझ्या पार्लरचं बघ." मी आणखी काही बोलणार तेवढ्यात महेंद्रने माझा हात धरला. "राहू दे ताई," म्हणाला. आणि मागे जाऊन काळूरामभाऊंच्या नव्या पेटीचा कोपरा घासायला बसला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी ओळखलं. इतकी वर्षं ज्याला तो नापसंती समजत होता ती नापसंती नव्हतीच. पण सुटल्यासारखं वाटावं तर तेही नाही. कारण बाबांनी आता पेटीला हनुवटी लावली नाही, तर त्याचं काम बाबांपर्यंत कधी पोचणारच नव्हतं. आता त्याला शाबासकी नको होती. बाबांना ऐकू यावं, एवढंच हवं होतं.

रविवारी सकाळी पेटी न्यायला काळूरामभाऊ आले. मीही आदल्या दिवशीच येऊन राहिलेले, म्हटलं काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे. बाबा नेहमीच्या खुर्चीत. महेंद्रने पाट ठेवला, पाटावर बेंजो ठेवला आणि बाबांच्या समोर मांडी घालून बसला, तोंड नीट दिसेल असा.

"बाबा, भाऊंना द्यायचाय. तारा लावून द्या."

"तू लाव."

"मी लावल्यात. तुम्ही बघा."

बाबा पेटीकडे बघत राहिले. तो घासलेला कोपरा त्यांना दिसला. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. आता उठतात, पेपर घेतात आणि बाहेर जातात, असं मला वाटलं. पण ते उठले नाहीत. खाली बघत म्हणाले, "आणि टेकली, अन् काहीच आलं नाही तर?"

अहो, काय सांगू! ह्या माणसाला कशाची भीती वाटते हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं पेपर घेऊन ते ह्यासाठी पळत होते. काळूरामभाऊच पुढे सरकले आणि त्यांच्यासमोर येऊन म्हणाले, "मास्तर, टेका. नाय आला तर नाय. मी हाय ना."

बाबा खुर्चीतून खाली उतरले. गुडघे वाजले. वाकून त्यांनी हनुवटी कोपऱ्यावर टेकली, डोळे मिटले, आणि पहिली तार छेडली. थांबले. दुसरी छेडली. आईने माझा दंड इतका आवळला की वळ उठला. तिसरी तार छेडली आणि बाबांच्या कपाळावर आठी पडली. परत छेडली. डोळे न उघडताच म्हणाले, "तिसरी उतरलीय."

महेंद्र हसायला लागला आणि हसता हसता हमसून हमसून रडायला लागला. ज्या एका शब्दासाठी शटर खाली ओढायला निघालेला, तो शब्द "उतरलीय" निघाला! त्याने नंतर मला सांगितलं, तिसरी तार त्याने मुद्दाम किंचित उतरवून ठेवलेली. बाबांनी खुंटी पिळली, परत ऐकलं, आणि मान वर करून म्हणाले, "लाकूड चांगलं आहे. बोलतं. पण बटणं जड केलीस, हलकी कर." मग एकदा सुरू झाले ते थांबेचनात. पेटीत हे असं हवं, ते तसं हवं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं आणि महेंद्र ओल्या डोळ्यांनी "हो बाबा, हो बाबा" करत होता.

मग त्यांनी स्वतःच सांगितलं. खडवलीला एका कार्यक्रमात गायकाने मध्येच सूर चढवला आणि बाबांना कळलंच नाही, ते खालच्याच सुरात वाजवत राहिले. गायकाने वळून बघितलं, लोक हसले. त्या दिवशी बेंजो काळूरामला दिला आणि घरी येऊन कंटाळा आला म्हणाले. "गाणंच गेलं माझं," बाबा म्हणाले. मग महेंद्रकडे बघून, "तुझं तेवढं यायचं. फळीला डोकं लावलं की सगळं यायचं, ढोल, शब्द, सगळं. ते नळाचं चांगलं होतं. मग तुझाही आवाज गेला."

अख्खी चाळ म्हणत होती डोकं टेकलं, डोकं टेकलं. आणि माणूस पोराचं गाणं ऐकत बसलेला! महेंद्रने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

काळूरामभाऊंना मात्र वेगळीच काळजी. "म्हंजे मास्तर, आमी इतकी वर्सं नमस्कार केला तो उगाच?"

"करा," बाबा म्हणाले. "सूर बरा लागतो."

सलिलला महेंद्रने त्याच दिवशी फोन करून नाही म्हणून सांगितलं. सलिल म्हणाला, "सुटलो यार. तू स्टुडिओत बसून माझ्या चुका काढल्या असत्यास." बाबांना मी कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. रस्ताभर भांडत आले, पण आले. थोडं ऐकू येणं अजून शिल्लक आहे, डॉक्टर म्हणाले, आणि यंत्र दिलं. आता पाठीमागून हाक मारली की वळतात, आणि आईची पंचाईत झालीय, पुटपुटायची सोय राहिली नाही. यंत्रावर बाबांची एकच तक्रार, भांडी फार बोलतात.

मागच्या रविवारी गेले तर महेंद्र एक नवीन बेंजो घासत बसलेला. ह्याला हनुवटीची जागा एका कोपऱ्याला नव्हती, दोन्ही टोकांना होती. मी म्हटलं, "हा कोणाचा रे? दोन तोंडांचा?"

"घरचा," तो म्हणाला.

जेवणं झाल्यावर बाबांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि खाली बसले. एका टोकाला त्यांनी हनुवटी टेकली. दुसऱ्या टोकावर बोटाने टकटक केलं. "टेक," म्हणाले. "आणि गा."

"बाबा, आवाज नाही आता."

"ओरड कोण म्हणतंय? टेक इथे."

महेंद्रने हनुवटी टेकली. दोघांची डोकी त्या पेटीवर समोरासमोर, दोघांचे डोळे मिटलेले. महेंद्रचे ओठ हलायला लागले. मी हाताच्या अंतरावर बसलेले, पण मला एक अक्षर ऐकू येईना. कान देऊन बघितलं, तरी नाही. बाबांचा अंगठा मात्र गुडघ्यावर ठेका धरत होता आणि चेहऱ्यावर हसू पसरत चाललेलं.

मी आईला हळूच विचारलं, "काय गातोय गं?"

"मला काय माहीत," आई म्हणाली. "बाबांना विचार."